दवाखान्यातून सुटी झाल्यावर: गावात राहून फोनवर उपचार चालू ठेवायचे कसे

सेवाग्रामला किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजला ऑपरेशन झालं, आठ दिवसांनी सुटी मिळाली आणि कार्डावर लिहून आलं, 'सात दिवसांनी दाखवणे.' गाव झरी जामणीकडचं किंवा अर्जुनी मोरगावकडचं असेल तर या तीन शब्दांमागे पहाटेची एसटी, दोन माणसांचं तिकीट, दोन बुडालेल्या रोज्या आणि ओपीडीतली लांब रांग असते. शेवटी ऐकायला मिळतं, 'टाके चांगले आहेत, गोळ्या तशाच चालू ठेवा.' अशा बऱ्याच फेऱ्या फोनवर भागू शकतात. जिथे भागत नाहीत तिथे बहुतेक वेळा कारण एकच असतं: फोन लागतो, डॉक्टर बोलायला तयार असतात, पण घरच्यांकडे सांगायला 'बरं नाही वाटत'च्या पलीकडे काही नसतं. त्यावर कोणताही डॉक्टर गोळी कमी-जास्त करू शकत नाही. म्हणून या लेखात फोन लावण्याआधीच्या कामावरच जास्त भर दिला आहे.

वॉर्डातून निघण्याआधी

सुटीच्या दिवशी गडबड असते. गाडी बाहेर उभी, गाठोडं बांधलेलं, सिस्टर भराभर गोळ्या समजावून सांगत असते. तरी थांबा आणि पुढच्या गोष्टी विचारून कार्डाच्या मागे लिहून घ्या.

पुढची तपासणी फोनवर चालेल का, आणि कोणत्या तारखेला प्रत्यक्षच यावं लागेल? प्लास्टर, एक्स-रे, रक्ततपासणी यांना पर्याय नाही. टाके मात्र पुष्कळदा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढता येतात. तशी चिठ्ठी मागा, आणि कोणत्या दिवशी काढायचे ते तिच्यावर लिहून घ्या.

फोन कोणत्या नंबरवर, कोणत्या वारी, किती वाजता करायचा? मोठ्या सरकारी दवाखान्यात प्रत्येक युनिटचे, म्हणजे डॉक्टरांच्या गटाचे, ओपीडीचे वार ठरलेले असतात. युनिट आणि वार लिहून घेतला नाही, तर फोन उचलणाऱ्याला पेशंट कोणाचा हेच कळत नाही.

घरी रोज काय मोजायचं, कोणत्या आकड्याला फोन करायचा आणि कोणत्या आकड्याला थेट गाडीत बसायचं? पुढे दिलेले आकडे सर्वसाधारण मोठ्या माणसासाठी आहेत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला तर तोच पाळा. जुन्या दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या पेशंटला ऑक्सिजन ८८ ते ९२ हाच योग्य असू शकतो, आणि हे त्याच्या डॉक्टरांनाच माहीत असतं.

आधीपासून घरी असलेल्या गोळ्यांपैकी कोणत्या बंद करायच्या? सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. दवाखान्यातून अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी मिळते, घरी तीच गोळी कंपनीच्या दुसऱ्या नावाने डब्यात पडलेली असते, आणि पेशंट दोन्ही घेतो. चौथ्या दिवशी भोवळ येते, पाय सुजतात, आणि घरच्यांना वाटतं ऑपरेशन बिघडलं.

पाणी किती द्यायचं? हृदयाच्या आणि किडनीच्या काही पेशंटला पाणी मोजून द्यायचं असतं. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५च्या वर गेला की घरचे मायेने तांब्यामागून तांबे देतात. दुसऱ्या बाजूला, लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या माणसाला त्याच उन्हात पाणी कमी पडून बीपी खाली जातं. दोन्हीकडे धोका आहे, म्हणून लिटरमध्ये आकडा मागा.

एक नियमही माहीत असू द्या. २५ मार्च २०२०ला केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची, म्हणजे फोनवरच्या उपचारांची, मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. ज्या डॉक्टरांनी तुम्हाला प्रत्यक्ष तपासलं, त्यांच्याशी सहा महिन्यांच्या आत त्याच दुखण्यासाठी फोनवर बोललात तर ती पुढची तपासणी धरली जाते, आणि चालू औषधांत भर घालायला त्यांना जास्त मोकळीक असते. फोनवर पहिल्यांदाच भेटणाऱ्या डॉक्टरांना ती नसते. म्हणून जमेल तोवर ऑपरेशन केलेल्या युनिटलाच धरून राहा.

हे फोनवरचं काम नाही

हा भाग वाचून झाल्यावर कागदावर उतरवून भिंतीला चिकटवा. खालीलपैकी काही दिसलं तर व्हिडिओ कॉलची वाट बघत बसू नका, १०८ लावा:

- छातीत दाब किंवा कळ, सोबत घाम, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं
- तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं
- दम इतका लागणं की एक वाक्य पुरं होत नाही. ओठ निळे पडणं. ऑक्सिजन ९०च्या खाली राहणं
- झटके, बेशुद्धी, अचानक असंबद्ध बोलणं
- न थांबणारं रक्त, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच
- बाळंतिणीचं पॅड तासाभरात भिजून जाणं. फार डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं
- सर्पदंश, मग खूण दिसो वा न दिसो

ऑपरेशननंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शिरेत गुठळी झालेली असू शकते, म्हणून ती पोटरी चोळू नका. घरचे प्रेमाने तेल लावून नेमकं तेच करतात.

लकव्याच्या झटक्यात वेळ फार मोलाचा असतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून 'माणूस शेवटचा धड कधी दिसला' ती वेळ लिहून ठेवा, आणि सीटी स्कॅन आहे तिथेच नेण्याची विनंती करा. तोंडात पाणी, गोळी, काही घालू नका.

१०८वर बोलताना गावाचं नाव, तालुका आणि जवळची ठळक खूण सांगा: शाळा, ग्रामपंचायत, देवीचं देऊळ. एकाच नावाची गावं दोन-दोन तालुक्यांत आहेत. एक माणूस टॉर्च घेऊन फाट्यावर पाठवा. रात्री वस्तीकडे वळणारा रस्ता गाडीवाल्याला सापडत नाही आणि त्यात वेळ जातो.

माणूस एक, फोन एक

घरातली एक व्यक्ती ठरवा. मोजणं, लिहिणं आणि डॉक्टरांशी बोलणं तिच्याकडे. सगळ्यांनी थोडंथोडं बघायचं ठरवलं तर सकाळची गोळी दोनदा जाते आणि सांजची राहून जाते. कापूस वेचणीच्या दिवसांत घर सकाळी आठलाच रिकामं होतं, म्हणून मोजायच्या वेळा वावरात जाण्याआधी आणि परतल्यावर अशाच ठेवा. दिवसा पेशंटजवळ थांबणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला निदान तीन गोष्टी शिकवा: फोन कसा उचलायचा, १०८ कसं लावायचं, भिंतीवरचा कागद कुठे आहे.

नोंदणी ज्या नंबरवर केली तो फोन घरात असला पाहिजे. पुण्याला कामाला असलेल्या पोराचा नंबर दिला, तर ओटीपी त्याच्याकडे जातो, तो ड्युटीवर असतो आणि रांगेतला नंबर निघून जातो. सिमची मुदत संपलेली नाही ना, बघून ठेवा. लाइन जाण्याची वेळ साधारण ठरलेली असते. त्याआधी फोन पूर्ण चार्ज करा. आणि एकदा चाचणी म्हणून नातेवाइकाला व्हिडिओ कॉल लावून बघा. ओसरीत, आंगणात, गोठ्यापाशी, कुठे चित्र न तुटता चालतं ते शोधा आणि पेशंटची खाट कॉलपुरती तिथे आणायची तयारी ठेवा. मेळघाटात किंवा भामरागडकडे घरात नेटवर्कच नसेल, तर पुढे सांगितलेला उपकेंद्राचा मार्ग धरा.

सामान

सगळ्यांना सगळं लागत नाही. थर्मामीटर आणि मनगटी घड्याळ प्रत्येक घरी हवं. बीपीच्या पेशंटला दंडाला लावायचं डिजिटल मशीन घ्या. मनगटाचं मशीन हात जरा खालीवर झाला की चुकतं. शुगरवाल्याला ग्लुकोमीटर, फुप्फुसाच्या पेशंटला ऑक्सिमीटर, हृदयाच्या पेशंटला वजनकाटा. मशीन घेताना पट्ट्याचा आकार बघा. बऱ्याच मशीनसोबत येणारा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाचा असतो. दंड जाड असेल आणि पट्टा लहान, तर बीपी खोटं जास्त दिसतं. ग्लुकोमीटर घेण्याआधी त्याच्या पट्ट्या तुमच्या तालुक्याच्या मेडिकल स्टोअरमध्ये मिळतात का, हे विचारा. खर्च मशीनपेक्षा पट्ट्यांचाच जास्त होतो.

मोजायचं कसं

*बीपी.* मोजण्याआधी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू आणि खर्रा बंद. खर्ऱ्याचं मुद्दाम सांगावं लागतं, कारण आपल्याकडे तो तोंडात असतानाच मशीन लावलं जातं, आणि तंबाखूने बीपी आणि नाडी दोन्ही वर जातात. लघवी करून यावं. खुर्चीवर पाठ टेकून, पाय जमिनीला पूर्ण टेकवून, पायाची अढी न घालता पाच मिनिटं गप्प बसावं. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या खळीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर. बाही गुंडाळून घट्ट झाली असेल तर ती काढावी. हात टेबलावर किंवा उशीवर, छातीच्या पातळीला. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. वरचा आकडा १८० किंवा खालचा १२०च्या वर आला तर पाच मिनिटांनी परत मोजा. परत तेवढाच आला तर लगेच डॉक्टरांशी बोला, आणि सोबत छातीत दुखणं, दम, डोकं फुटेल असं दुखणं किंवा लुळेपणा असेल तर १०८. वरचा आकडा ९०च्या खाली आणि भोवळ असेल तर पाय उंच करून झोपवा आणि फोन करा. तोवर बीपीची पुढची गोळी हातात ठेवा, तोंडात नको.

*शुगर.* हात साबणाने धुवून कोरडे करा. संत्रं सोलून तसंच बोट टोचलं तर फळाची साखर मोजली जाते आणि आकडा भलताच वर येतो. टोचायचं बोटाच्या कडेला. मधोमध जास्त दुखतं. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून दुसरा घ्या. पट्ट्यांची डबी लगेच बंद करा, ओल लागली की पट्टी वाया जाते. बहुतेक ग्लुकोमीटर १० ते ४० अंशांतच चालतात. आपल्या मेमधल्या दुपारी टिनाच्या खोलीत मशीन चूक दाखवतं, म्हणून सकाळीच मोजा. ७०च्या खाली आलं तर आधी तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा, मग फोन. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका. ३००च्या वर दोनदा आलं, किंवा ३००सोबत उलट्या आहेत, तर फोन त्याच दिवशी.

इन्सुलिनचं इथेच सांगून टाकतो. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवतात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. उघडलेली साधारण २८ दिवस चालते, पण उन्हात आणि तापलेल्या खोलीत नव्हे. फ्रिज नसेल तर मातीचं मोठं मडकं घ्या, त्यात लहान मडकं ठेवा, मधल्या जागेत रेती भरून ती दिवसातून दोनदा ओली करा. कुपी झाकणाच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा आणि वरून ओलं फडकं टाका. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला चालतो, कारण पाणी झपाट्याने उडतं आणि मडकं थंड होतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की तो थंडावा कमी होतो. तेव्हा घरातली सगळ्यात थंड, सावलीची जागा शोधा. शुगर विनाकारण चढती राहिली तर फोनवर 'इन्सुलिन कुठे ठेवता' हे आपणहून सांगा.

*ऑक्सिजन.* नखाला नेलपॉलिश किंवा मेंदी नको. हात गार असेल तर चोळून गरम करा. ऑक्सिमीटर उन्हात धरू नका, तेज उजेडाने आकडा नाचतो. बोट आत पूर्ण जाऊ द्या, मिनिटभर थांबा आणि स्थिर झालेला आकडा लिहा. ९५ आणि वर ठीक; ९० ते ९४ आला तर बोट बदलून परत मोजा आणि फोन करा. सावळ्या कातडीवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतं. आकडा चांगला आणि माणूस धापा टाकतोय असं असेल, तर माणसाकडे बघून निर्णय घ्या.

*श्वास.* छातीवर किंवा पोटावर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. मोजतोय हे पेशंटला सांगू नका, तो श्वास बदलतो. मोठ्या माणसात २४च्या वर गेला तर कळवा, ३०च्या वर असेल तर गाडी बघा.

*ताप.* काखेतला घाम पुसून थर्मामीटर लावा आणि बीप होईपर्यंत हात दाबून धरा. खिडकीत तापलेला थर्मामीटर तसाच लावू नका. टोक गार पाण्यात बुडवून पुसून घ्या. ऑपरेशननंतर १००.४च्या वर ताप आला तर त्याच दिवशी फोन. पॅरासिटामॉल देण्याआधीचा आकडा लिहा. गोळीनंतरचा आकडा एकटा सांगितला तर डॉक्टर फसतात. सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) पेशंटला १०१च्या वर ताप किंवा छातीत दुखणं असेल तर फोनवर वेळ घालवायचा नाही, थेट दवाखाना.

*वजन.* हृदयाच्या पेशंटसाठी सगळ्यात उपयोगी आकडा हाच. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, सारख्याच कपड्यांत. काटा फरशीवर, शेणाने सारवलेल्या उंचसखल जमिनीवर नाही. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगात साचलेलं पाणी आहे. दम लागायच्या आधी वजन वाढतं, म्हणून त्याच दिवशी फोन केलात तर गोळीवर भागू शकतं.

वही

शंभर पानी साधी वही घ्या. पहिल्या पानावर पेशंटचं नाव, वय, दवाखान्याचा नोंदणी क्रमांक, युनिट, ऑपरेशनची तारीख, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आणि चालू गोळ्या. पुढे रोज एक ओळ:

'१४ तारीख, सकाळी ६.३०. बीपी १४८/९२, १४४/९०. नाडी ८८. ताप ९८.८. उपाशी शुगर १६२. रात्री तीनदा लघवी. सांजची भाकर अर्धी. शौच झाली नाही, दुसरा दिवस. गोळ्या सगळ्या दिल्या.'

खाणं, झोप, शौच, लघवी या ओळी लोक गाळतात, पण डॉक्टर पहिल्यांदा त्याच विचारतात. आकडा मनासारखा आला नाही म्हणून बदलू नका, आणि न मोजलेल्या दिवशी अंदाजे लिहू नका. रेघ मारून सोडा. अंदाजाच्या आकड्यावर गोळी वाढली तर तिचा त्रास पेशंटलाच होतो.

जखमेचा फोटो

दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढा. फ्लॅशने ओली जखम चकाकते आणि लालसरपणा नाहीसा होतो. कवेलूच्या घरात आत अंधार असतो, म्हणून दाराशी किंवा ओसरीत, उजेड जखमेवर पडेल असं बसवा. दोन फोटो: एक हातभर दुरून, शरीराचा कोणता भाग ते कळेल असा, एक जवळून, शेजारी रुपयाचं धुतलेलं नाणं ठेवून. नाणं जखमेला लावायचं नाही, कातडीवर बाजूला. आधी पट्टीचा फोटो, मग उघड्या जखमेचा. पट्टीला लागलेला पू किंवा पाणी किती आणि कोणत्या रंगाचं हेही सांगायचं असतं. हळद, राख, मलम लावलेलं असेल तर ते लपवू नका, पण यापुढे लावू नका.

जखमेभोवती लाली दिसली तर तिच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा आणि तारीख-वेळ टाका. उद्या लाली रेघेच्या बाहेर गेली असेल तर संसर्ग पसरतोय. त्यासोबत वाढता ठणका, दुर्गंधी, ताप किंवा टाके उसवलेले दिसले तर फोटो पाठवून तिथेच थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांशी थेट बोला. फोटो कोण कधी उघडेल याचा भरवसा नसतो.

कॉल लावणं: ई-संजीवनीचे दोन मार्ग

ऑपरेशनच्या युनिटने नंबर दिला असेल तर तो पहिला. नसेल तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची ई-संजीवनी सेवा आहे, मोफत. तिचं सॉफ्टवेअर मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने तयार केलं. तिच्यात शिरायचे मार्ग दोन.

पहिला मार्ग उपकेंद्राचा, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिराचा. २०१९च्या नोव्हेंबरपासून तो चालू आहे. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी बीपी-शुगर मोजतात, तुमच्यासोबत बसून पुढच्या डॉक्टरांशी जोडून देतात, आणि साठ्यात असलेली औषधं तिथेच मिळतात. नवख्या घराने सुरुवात इथून करावी असं आमचं ठाम मत आहे. पेशंट हलू शकत नसेल तर आशाताईंना विचारा. अधिकाऱ्यांची गावभेट कधी असते ते त्यांना माहीत असतं. लसीकरणाच्या दिवशी गर्दी असते, तो वार टाळा.

दुसरा मार्ग घरातून. हा एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीच्या काळात सुरू झाला.

१. अधिकृत अ‍ॅप किंवा संकेतस्थळ उघडून मोबाइल नंबर टाका, आलेला ओटीपी भरा.
२. पेशंटची नोंद करा. नाव आणि वय दवाखान्याच्या कार्डावर आहे तेच. आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) क्रमांक काढला असेल तर तो १४ आकडी असतो, जवळ ठेवा.
३. तक्रार निवडा. सुटीचं कार्ड आणि ताज्या तपासण्यांचे फोटो जोडा. कार्डाच्या चारही कडा आणि अक्षर वाचता येतंय, एवढं बघून घ्या.
४. राज्य आणि ओपीडी निवडा. वेळा तिथेच दिसतात. रांगेत नंबर लागला की फोन हातातून सोडू नका आणि दुसरा कॉल घेऊ नका.
५. बोलणं झाल्यावर चिठ्ठी उतरवून घ्या आणि लगेच दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा.

इंटरनेटवर दवाखान्याचं नाव शोधून वर आलेल्या नंबरला फोन करू नका. अपॉइंटमेंटच्या नावाखाली पाच-दहा रुपयांची लिंक किंवा वेगळं अ‍ॅप पाठवून खातं रिकामं करणारे तिथेच बसलेले असतात. नंबर कार्डावरचा किंवा आरोग्य केंद्रातून घेतलेलाच. आणि तुम्ही स्वतः लॉगिन करत नसताना कोणी ओटीपी मागितला तर देऊ नका.

डॉक्टर समोर आल्यावर

तुमच्या हातात पाच-सात मिनिटं असतात. वही उघडी, गोळ्यांची पाकिटं मांडीवर, टॉर्च जवळ. पहिली चार वाक्यं तयार ठेवा: 'बाबांचं वय ६२, २ तारखेला हर्नियाचं ऑपरेशन, बीपीची गोळी चालू. परवापासून टाक्यांच्या खालच्या टोकाला ठणका आहे, काल रात्री ताप १०१. पट्टीला पिवळं पाणी लागतं. फोटो पाठवला आहे.' एवढ्यावर डॉक्टर कामाला लागतात.

समोरचे डॉक्टर आपल्या भागातले असतीलच असं नाही. 'जीव कसातरी करून राहिला' हे वऱ्हाडी माणसाला कळतं. दुसऱ्याला त्यातून घाबरं होणं, मळमळ की दम, काहीच उमगत नाही. पेशंट बोलला की तुम्ही उलगडून सांगा: कुठे, कधीपासून, सतत की थांबून थांबून, कशाने वाढतं. पेशंटला मात्र बोलू द्या. तो वाक्याच्या मध्ये किती वेळा श्वास घेतो, हेही डॉक्टर बघत असतात.

पाठ दाराकडे करून बसलं की चेहरा काळा दिसतो. तोंड उजेडाकडे हवं. पायाची सूज दाखवताना नडगीच्या हाडावर अंगठा पाच सेकंद दाबून काढा आणि खड्डा पडतो का ते कॅमेऱ्यात दाखवा. चित्र तुटायला लागलं तर व्हिडिओ बंद करून आवाजावर या आणि फोटो वेगळे पाठवा. फक्त हे लक्षात घ्या की पहिल्याच भेटीत काही औषधं व्हिडिओवर बघितल्याशिवाय लिहिता येत नाहीत. मॉर्फिन, ट्रामाडॉल अशी अंमली पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं फोनवरच्या चिठ्ठीत मिळत नाहीत. त्यासाठी डॉक्टरांशी वाद घालू नका. पेशंट लहान मूल असेल तर मोठं माणूस कॉलवर असावंच लागतं.

फोन ठेवण्याआधी तुम्हीच परत वाचून दाखवा: कोणती गोळी, किती वेळा, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, काय झालं तर परत फोन. चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का, बघा. तो नसेल तर मेडिकलवाल्याने औषध नाकारलं, तर त्याचं बरोबर आहे.

औषधं

पाकिटाचा जो भाग नाव आणि मुदत दाखवतो, तो शेवटपर्यंत कापू नका; गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढा. 'पांढरी लहान गोळी' असं सांगून फोनवर काही ठरत नाही. दुखलं म्हणून डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी मनाने देऊ नका. बीपीची आणि लघवीची गोळी चालू असलेल्या माणसात, त्यात उन्हाळ्यात पाणी कमी पडलेलं असताना, ती किडनीला जड जाते. गावात कोणाकडून सुई घेतली असेल तर कुपीचा फोटो ठेवा आणि डॉक्टरांना ते सांगा. रागावतील म्हणून लपवलं तर पुढचं औषध चुकतं. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन रस्ता बंद पडत आला आहे. अशा भागात जूनच्या सुरुवातीलाच महिनाभराच्या गोळ्या घरात असू द्या.

लकव्याचा किंवा खाटेवरचा पेशंट

फिजिओथेरपी व्हिडिओवर चांगली होते, पण फोन हातात धरून नाही. खाटेच्या उंचीवर स्टूल ठेवा, फोन तांब्याला टेकवून उभा करा, सहा-सात फूट लांब, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसतो. व्यायाम शिकवताना घरच्याने हात कुठे धरायचा हे थेरपिस्टला बघू द्या. लुळ्या खांद्याला ओढून उठवलं तर तो निखळतो.

दर दोन तासांनी कूस बदला आणि रोज आंघोळीच्या वेळी माकडहाड, टाचा, खुबे बघा. दाबलं तरी न फिकटणारी लाली ही बेडसोरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. त्याच दिवशी फोटो पाठवा. भरवताना पूर्ण बसवा, आणि नंतर अर्धा तास बसूनच ठेवा. पाण्याने ठसका लागत असेल आणि घट्ट पेज जात असेल, तर हे लगेच कळवा. पाणी फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. लघवीची नळी असेल तर पिशवी नेहमी कमरेच्या खाली. चार तास पिशवीत काहीच आलं नाही आणि ओटीपोट फुगलं, तर नळी अडली आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. घरी ओढून काढू नका, आतला फुगा फुगलेला असतो.

बाळंतीण आणि बाळ

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेत उभी राहिली आणि तिथून देशभर गेली. डॉक्टरांचा कॉल शक्यतो याच दिवशी ठेवा. वजन आणि ताप नेमका मोजलेला असतो. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडलं असेल, किंवा मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास असतील, तर कॉल नको, लगेच दवाखाना.

काळजी घेणाऱ्यासाठी

महिनोन् महिने खाटेवरच्या माणसाचं करताना घरची बाई, बहुतेक वेळा तीच, झोपेविना आणि बोलण्याविना खचते. कर्ज काढून उपचार केले असतील तर पेशंटच्या मनातही नको ते विचार येतात. त्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतसेवेचा, नंबर आहे: दिवसरात्र, मोफत, मराठीत. साध्या बटनाच्या फोनवरूनही लागतो. भिंतीवरच्या कागदावर १०८च्या खाली तो लिहा.

मोजणं कमी कधी करायचं

बीपी किंवा शुगर दोन आठवडे सारखी राहिली तर दिवसातून दोनदाऐवजी आठवड्यातून दोनदा मोजू का, असं डॉक्टरांना विचारा. स्वतः ठरवू नका. गोळी बदलली की परत रोजचं सुरू. प्रत्यक्ष तपासणीला जाताना वही आणि बीपीचं मशीन दोन्ही पिशवीत घाला. तिथल्या मशीनवर मोजून झालं की लगेच त्याच दंडावर आपलं लावून बघा. दहापेक्षा जास्त फरक पडला तर तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि पुढच्या प्रत्येक कॉलवर आधी तो सांगा.